ईमेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून विषयाच्या ओळीत कोणते शब्द टाळावेत?

स्वतःच्या डोमेनवरून पाठवलेली कोटेशन्स ग्राहकांच्या स्पॅममध्ये जातात, तर कोणते शब्द वगळावेत, असे आपण विचारले आहे. शब्दांना हात लावू नका. याच सल्ल्यापायी माझे तीन आठवडे वाया गेले आहेत.

इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी हिशेब पाहतो. आम्ही होस्टिंगवरचे, म्हणजे वेबसाइट ठेवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरचे, मेल गूगल वर्कस्पेसवर नेले आणि महिन्याभरात ग्राहक ‘बिल मिळालेच नाही’ असे सांगू लागले. मी बिले पाठवतच नाही, असे मालकांनी सर्वांसमोर बोलून दाखवले. चौदा वर्षांच्या नोकरीत असे मी कधी ऐकून घेतले नव्हते. होस्टिंगवाल्याने दोष मजकुरावर ढकलला, म्हणून मी ‘थकबाकी’ आणि ‘तातडीचे’ हे शब्द काढले, पीडीएफची नावे बदलली, तरी बिले स्पॅममध्येच जात राहिली.

शेवटी एक बिल माझ्या घरच्या जीमेलवर पाठवले, ते स्पॅममधून काढले आणि तीन टिंबांच्या मेनूतून मूळ संदेश उघडला. त्यात एसपीएफच्या, म्हणजे डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याच्या तपासणीच्या, निकालापुढे ‘पास’ऐवजी ‘परमएरर’ (नोंदीतच चूक) लिहिलेले होते. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, ‘व्ही=एसपीएफ१’ने सुरू होणाऱ्या दोन टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदी होत्या, एक जुन्या होस्टिंगची आणि दुसरी गूगलची. एका डोमेनला अशी एकच नोंद चालते. दोन सापडल्या की तपासणी तिथेच फसते. बिलिंगचे सॉफ्टवेअर अजून जुन्याच सर्व्हरवरून मेल पाठवत असल्याने जुनी नोंद नुसती पुसून भागणार नव्हते, म्हणून दोन्ही सर्व्हर एकाच ओळीत घेतले. मेल खरोखर आमच्याच डोमेनचा आहे हे पटवणारी डीकेआयएम ही डिजिटल सही तर कुठेच सुरू केलेली नव्हती. ती दोन्हीकडे चालू केली आणि या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे ते सांगणारी डीमार्कची नोंद घातली. चार-पाच दिवसांत बिले इनबॉक्समध्ये दिसू लागली.

आपणही आधी मूळ संदेश पाहा. एसपीएफच्या ओळीत सेवा वाढवत जाऊ नका, कारण ती तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस चौकशा कराव्या लागल्या तरी हीच त्रुटी येते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही सक्तीची आहेत; त्याहून कमी पाठवणाऱ्यांनाही पहिल्या दोन्हींपैकी एक लागतेच.

मजकुराचा काहीच परिणाम होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. विकत घेतलेल्या यादीवर कोटेशन्स पाठवत असाल आणि लोक स्वतःच ‘स्पॅम’ दाबत असतील, तर या नोंदींचा उपयोग होणार नाही. सर्व्हर स्वतःचा असेल, तर त्याच्या आयपीची पीटीआर नोंदही, म्हणजे आयपी पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी नोंद, पाहावी लागेल.

आमच्या होस्टिंगवाल्याने चूक अजून मान्य केलेली नाही. डीएनएसचा पासवर्ड तेव्हा फक्त त्याच्याकडे होता, आणि दुसरी नोंद त्यानेच भरली होती.