आजोबांचा संप नाचात आणताना

घरातलं दुःख नाचायचं म्हटलं की नवखे थेट जमिनीवर कोसळण्यापासून सुरुवात करतात. तसं करू नकोस. कोसळून झालं की पुढे शरीराला काही सुचत नाही.

तुझे आजोबा मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपात होते ना? मग 'संप' हा शब्द बाजूला ठेव आणि एकच हालचाल शोध. साचेखात्यात, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या विभागात, तुटलेला धागा अंगठा नि तर्जनीत धरून गाठ मारायचे, ती घे. आजीला "काय सोसलंत?" असं विचारू नकोस, "त्यांचे हात कसे चालायचे, दाखवाल का?" असं विचार. आणि मंचावर आणण्याआधी तिची परवानगी घे, हे अजिबात टाळू नकोस.

ती गाठ १० मिनिटं, संगीताशिवाय, फक्त बोटांनी कर. मग मनगट, कोपर, खांदा, शेवटी पाठीचा कणा. घाई केलीस तर हालचाल खांद्यातच अडकते आणि मूकनाट्य होतं. चेहऱ्याने रडायचं नाही; चेहरा बोलू लागला की पाठ गप्प होते. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात बोलणं ऐकू येणं कठीण असायचं, हे लक्षात असू दे.

श्वास अडकला, हात बधिर झाले की लगेच थांब. डोळे उघड, टाचा जमिनीत दाब, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घे. हे वारंवार होत असेल तर समुपदेशकाकडे जा. तालीम थांबली तरी चालेल.