अमेरिकेत वैमानिकाला डिस्प्लेस करतात, पण नोकरी जात नाही. मग नेमकं बिघडतं काय?

प्रश्न असा आहे: “माझे दाजी अमेरिकेतल्या एका मोठ्या विमान कंपनीत वैमानिक आहेत. गेल्या आठवड्यात त्यांना डिस्प्लेसमेंटची नोटीस आली. ताई म्हणते नोकरी गेलेली नाही. पण फोनवर दोघांचेही आवाज उतरलेले असतात. नोकरी आहे तर एवढं काय बिघडलं?”

ताईंचं बरोबर आहे, नोकरी शाबूत आहे. डिस्प्लेसमेंट म्हणजे आहे त्या जागेवरून उठवून दुसऱ्या जागेवर पाठवणं. मी तिकडच्याच एका कंपनीत बोइंग 737 उडवतो आणि 2020 च्या उन्हाळ्यात अशी नोटीस मलाही आली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाहेरच्या माणसाला हा प्रकार समजावणं अवघडच जातं. माझ्या आईला कितीतरी दिवस वाटत होतं की मी काहीतरी गडबड केली म्हणून मला खाली उतरवलं.

तिथल्या मोठ्या कंपन्यांत वैमानिकाची जागा तीन गोष्टींनी ठरते: विमान कुठलं, खुर्ची डावी की उजवी (डावीकडे कॅप्टन, उजवीकडे फर्स्ट ऑफिसर) आणि बेस कुठला, म्हणजे ड्यूटी कुठल्या शहरातून सुरू होते. ‘777, फर्स्ट ऑफिसर, सॅन फ्रान्सिस्को’ ही एक जागा. ‘737, कॅप्टन, न्यूअर्क’ ही दुसरी. कोण कुठे बसणार हे साहेबाच्या मर्जीवर नसतं आणि लँडिंग किती अलगद करता यावर तर अजिबात नसतं. ते ठरतं सीनियॉरिटी नंबरावर. रुजू होताना नंबर मिळतो, वरचे निवृत्त होतात तसे तुम्ही वर सरकता. एकाच दिवशी रुजू झालेल्यांचा आपसातला क्रम बऱ्याच कंपन्यांत वयावर लावतात. शेजारच्या बाकावरचा तुमच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा असला, तर तो पुढची तीस वर्षं तुमच्या एक घर पुढे.

कंपनी वाढत असते तेव्हा जागा निघतात, लोक बिड (हव्या त्या जागेसाठी अर्ज) टाकतात, नंबराप्रमाणे वाटप होतं आणि सगळे खुश असतात. कंपनी आकसायला लागली की हेच यंत्र उलटं फिरतं. अमुक बेसवर अमुक विमानाचे इतके कॅप्टन जादा झाले, असं जाहीर होतं. त्या जागेवरचे सगळ्यांत ज्युनियर तितके लोक डिस्प्लेस होतात. पण ते हवेत लटकत नाहीत. आपल्या नंबराला झेपेल अशी दुसरी जागा ते मागू शकतात, आणि तिथे त्यांच्याहून ज्युनियर कुणी बसला असेल तर त्याला उठावं लागतं. किती उठवता येतं याचे नियम प्रत्येक कंपनीच्या करारात थोडे वेगळे असतात. तुमच्या नात्यात कुणी जिल्हा परिषदेचे शिक्षक असतील तर त्यांना हे लगेच कळेल: ऑनलाइन बदल्यांत सीनियर शिक्षक ज्युनियरला खो देतो आणि खो बसलेला पुढच्याला देतो, तसंच हे. शेवटी रांगेच्या तळाशी असा कुणीतरी उरतो ज्याला खो द्यायला खाली कुणीच नसतं. त्याला फर्लो करतात, म्हणजे बिनपगारी घरी. फक्त पुन्हा गरज पडली की त्याला क्रमाने परत बोलवायचं बंधन कंपनीवर असतं.

ताजं उदाहरण स्पिरिट एअरलाइन्सचं. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या दोषामुळे त्यांची बरीच विमानं उभी राहिली, जेटब्लूबरोबरचं विलीनीकरण जानेवारी 2024 मध्ये न्यायालयाने रोखलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात दिवाळखोरीचा अर्ज झाला. 2025 च्या उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केलं की साधारण 270 वैमानिक फर्लो होतील आणि 140 कॅप्टन पुन्हा फर्स्ट ऑफिसर होतील. बातम्यांत 270 चा आकडा ठळक होता. त्या 140 जणांची नोकरी तेव्हा टिकली, म्हणून त्यांच्याविषयी फारसं कुणी लिहिलं नाही. तुमचे दाजी त्या 140 जणांसारख्या गटात आहेत असं समजा.

आता बिघडतं काय ते. पैशाचं पहिलं सांगतो, कारण ते सोपं आहे. त्याच विमानावर फर्स्ट ऑफिसरचा ताशी दर कॅप्टनच्या साधारण दोन तृतीयांश असतो. मोठ्या विमानावरून लहान विमानावर आलात तरी दर घसरतो. घराचा हप्ता मात्र जुन्या दराच्या हिशेबाने घेतलेला असतो. काही करारांत थोडा काळ जुना पगार राखून ठेवतात, सगळीकडे नाही.

पण माझ्या मते पैसा दुसऱ्या नंबरावर आहे. खरा मार बसतो तो जागेतल्या तुमच्या स्थानाला. नंबर तोच राहतो, पण नव्या जागेवर तुमच्या वर किती जण आहेत यावर सगळं अवलंबून असतं. डेनव्हरमध्ये 737 चे फर्स्ट ऑफिसर म्हणून तुम्ही यादीच्या वरच्या एक तृतीयांशात असाल तर दिवाळीला सुट्टी मिळते, मुलीच्या स्पर्धेचा शनिवार मोकळा ठेवता येतो. तोच माणूस दुसऱ्या बेसवर शेवटच्या दहा टक्क्यांत गेला की रिझर्व्हवर येतो. रिझर्व्ह म्हणजे महिन्याचं ठरलेलं वेळापत्रक नाही. फोन जवळ ठेवून बसायचं आणि कंपनीने बोलावलं की दोन-तीन तासांत विमानतळावर हजर. आणि ज्युनियर माणसाला सणाला हमखास बोलावतात.

त्यात बेस बदलला की आणखी एक भानगड सुरू होते, कम्यूट. अमेरिकेत पुष्कळ वैमानिक बेसच्या शहरात राहतच नाहीत. घर टॅम्पाला, बेस न्यूयॉर्कला. ड्यूटीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी विमानातल्या जंपसीटवर (कर्मचाऱ्यांसाठीची जादा खुर्ची) बसून, जागा मिळाली तर, बेसला पोचायचं. तिथे दहा-बारा जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोल्या असतात, त्यांना क्रॅशपॅड म्हणतात. नाव वैमानिकांनीच ठेवलंय, विनोदबुद्धी बघा. हा सगळा वेळ कामात धरत नाहीत. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळून 50 जण गेले. त्या विमानाची फर्स्ट ऑफिसर सिएटलजवळ आईवडिलांकडे राहायची आणि बेस होता न्यूअर्क. आदल्या रात्री मालवाहू विमानांतून, मेम्फिसला विमान बदलून, ती देश ओलांडून आली होती. अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हे होतं, पण कम्यूट आणि थकवा हा विषय त्यानंतर चर्चेतून हटला नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी 2014 पासून लागू झाले. कम्यूटवर मात्र त्यांत थेट बंधन नाही.

तुमच्या मनात येईल की एवढा त्रास असेल तर दुसऱ्या कंपनीत का जात नाहीत. कारण सीनियॉरिटी बरोबर नेता येत नाही. वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस समोरच्या कंपनीत गेला की त्याला तिथला शेवटचा नंबर मिळतो, फर्स्ट ऑफिसर म्हणून, नवशिक्याच्या पगारावर. म्हणून लोक निमूट खाली उतरतात आणि तिथेच थांबतात. इतर व्यवसायांतली माणसं हे ऐकून थक्क होतात. मलाही ही पद्धत आदर्श वाटत नाही, पण चाळीस-पन्नास वर्षं वयाच्या माणसाला खप्पामर्जीने कुणी हलवू शकत नाही, ही तिची जमेची बाजू आहे आणि ती मी सोडणार नाही.

नंबर किती जिवाभावाचा असतो ते विलीनीकरणात दिसतं. अमेरिकन एअरलाइन्सने 2001 मध्ये टीडब्ल्यूए विकत घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या अर्ध्याहून अधिक वैमानिकांना अमेरिकनच्या यादीत सगळ्यांत खाली चिकटवलं. भरपाई म्हणून सेंट लुइस बेसवर त्यांच्यासाठी कॅप्टनच्या काही जागा कुंपण घालून राखल्या. मग 11 सप्टेंबरचे हल्ले झाले, विमानं रिकामी धावायला लागली आणि 2003 च्या अखेरीस अमेरिकनने सेंट लुइसची उड्डाणंच मोठ्या प्रमाणात कापली. कुंपण जागच्या जागी होतं, आतली शेती गेली. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्टचं त्याहून वाईट: 2007 मध्ये लवादाने एकत्र यादी दिली, ती न पटल्याने यूएस एअरवेजच्या जुन्या वैमानिकांनी आख्खी संघटना बदलून टाकली, आणि दोन्ही गट एकाच कंपनीत असूनही वर्षानुवर्षं वेगळ्या याद्यांवर उडत राहिले.

त्या दशकातली पिढी तर सगळीकडूनच चेपली गेली. आधी हल्ल्यांनंतरचे फर्लो, मग युनायटेड, यूएस एअरवेज, डेल्टा, नॉर्थवेस्ट अशा एकामागोमाग दिवाळखोऱ्या, आणि सगळं सावरतंय असं वाटेपर्यंत डिसेंबर 2007 मध्ये निवृत्तीचं वय 60 वरून 65 झालं. वरचे पाच वर्षं हललेच नाहीत. माझ्या बरोबरच्या जुन्या कॅप्टनांपैकी काहींना ‘दोनदा कॅप्टन’ म्हणतात, म्हणजे एकदा खाली उतरून पुन्हा कॅप्टन झालेले, ते यामुळे.

कंपनीलाही हा खेळ स्वस्तात पडत नाही. वैमानिकाला विमान बदलायचं म्हणजे वर्ग, सिम्युलेटर, परीक्षा, मग परीक्षक शेजारी बसवून प्रवाशांसकट उड्डाणं. सगळं मिळून महिना-दोन महिने. त्यानंतर 120 दिवसांत 100 तास उडून हात पक्का करावा लागतो. वरचा एक कॅप्टन हलला की खाली तीन-चार जणांचं प्रशिक्षण निघतं. कोरोनाने प्रवासी आटले तेव्हा, 2020 मध्ये, डेल्टाने आपली 777 ची सगळी 18 विमानं निवृत्त केली. त्यावर बसलेले सगळ्यांत सीनियर लोक होते, म्हणजे खो थेट वरून सुरू झाला. युनायटेडने त्याच वर्षी सप्टेंबरात संघटनेशी करार केला, सगळ्यांचे तास थोडे थोडे कमी केले, सुमारे 2,850 फर्लो टाळले आणि लोकांना शक्यतो आपापल्या जागांवर सरावात ठेवलं. अमेरिकन एअरलाइन्सने 1 ऑक्टोबरला, सरकारी मदतीबरोबर आलेली फर्लो न करण्याची अट संपताच, सुमारे 1,600 वैमानिक घरी पाठवले आणि डिसेंबरात दुसरी मदत मंजूर झाल्यावर परत बोलावले. 2021 मध्ये प्रवासी अचानक परतले तेव्हा सिम्युलेटरसमोर रांगा लागल्या होत्या. डेल्टाला ईस्टरच्या सुट्टीत माणसांअभावी शंभराच्या आसपास उड्डाणं रद्द करावी लागली. युनायटेडचा मार्ग शहाणपणाचा होता असं माझं मत आहे, आणि मी त्या कंपनीत नाही.

भारतात असं का ऐकू येत नाही, असंही वाटेल. इथे बेस बदलायचा तर कंपनी पत्र देते, संपलं. पण सीनियॉरिटीचं दुखणं इथेही आहे. 2012 मध्ये एअर इंडियाचे वैमानिक 58 दिवस संपावर होते. वाद होता की नव्या 787 चं प्रशिक्षण एअर इंडियात विलीन झालेल्या पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सवाल्यांनाही द्यायचं का. आणि एप्रिल 2019 मध्ये मुंबईची जेट एअरवेज बंद पडली तेव्हा कॅप्टनांना उठवायला खालची जागाच राहिली नव्हती. ती तुलना करून दाजींना धीर देऊ नका मात्र. चिडतील.

माझं म्हणाल तर मला दोन पर्याय होते: दुसऱ्या शहरात कॅप्टन राहायचं किंवा आहे त्याच बेसवर उजव्या खुर्चीत बसायचं. बायकोची नोकरी होती, मुलं शाळेत होती. मी उजवी खुर्ची घेतली. विमान तेच असल्याने प्रशिक्षण थोडक्यात आटोपलं, पण हात उलटे झाले. इतकी वर्षं उजवा हात थ्रॉटलवर (इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचे दांडे) असायचा, आता डावा. बऱ्याच 737 विमानांत जमिनीवर वळवायचं छोटं चाक फक्त कॅप्टनच्या बाजूला असतं, तिथे हात आपोआप जायचा आणि भिंतीला लागायचा. माझ्याहून ज्युनियर पण दुसऱ्या बेसवर कॅप्टन राहिलेले मित्र होते, त्यांचा पगार बघून जीव जळायचा. 2022 च्या भरतीच्या लाटेत माझी खुर्ची परत आली. पुन्हा वेळ आली तर मी बेसच धरेन. एकट्या माणसाने कदाचित खुर्ची धरावी, तिथे माझं मत लागू नाही.

ताईंना एवढं सांगा की करारातलं डिस्प्लेसमेंटचं प्रकरण दोघांनी मिळून वाचायला हवं. जबरदस्तीने बेस बदलला तर सामान हलवायचा खर्च बऱ्याच करारांत कंपनी देते. पण स्वतःहून बिड टाकून गेलात तर देत नाही. मुदत संपायच्या आत घाईने मागितलेली जागा कुठल्या खात्यात मोडते हे आधी विचारून घ्यावं. जुनी जागा पुन्हा निघाली तर तिच्यावर पहिला हक्क मिळतो का, किती काळ मिळतो, आणि मध्ये दुसरी बढती घेतली तर तो हक्क जातो का, हे संघटनेच्या माणसाकडून लेखी घ्यावं. आणि पसंतीक्रम पूर्ण भरावा, न आवडणाऱ्या जागांसकट. अर्धवट सोडला तर उरलेल्या जागांतून कंपनी स्वतः एक लावते, आणि ती बहुतेक कुणालाच नको असलेली असते.