ग्रीक अक्षरांच्या जागी क्यू आणि पी का उमटतात?

प्रश्न : भौतिकशास्त्राच्या टिपणांची काही वेबपाने मी तयार केली आहेत. माझ्या संगणकावर थीटा आणि पाय ही अक्षरे व्यवस्थित दिसतात; परंतु विद्यार्थी तीच पाने मोबाइलवर उघडतात तेव्हा त्यांना तेथे रोमन क्यू आणि पी दिसतात. असे का होते, आणि ग्रीक अक्षरे लिहिण्याची खात्रीची पद्धत कोणती?

उत्तर : नेमकी क्यू आणि पी हीच अक्षरे दिसतात असे आपण कळवल्यामुळे दोष कोठे आहे हे लगेच लक्षात येते. आपण पानात रोमन अक्षरे टंकित करून त्यांना ‘सिंबल’ हा फॉन्ट लावलेला असणार. त्या फॉन्टमध्ये क्यूच्या जागी थीटाची आणि पीच्या जागी पायची आकृती बसवलेली असते. म्हणजे पानात प्रत्यक्षात साठवलेले अक्षर क्यूच राहते आणि ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही तेथे ते उघडे पडते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पान वाचून दाखवणारी प्रणालीही तेथे ‘क्यू’ असेच वाचते, आणि माझ्या मते हा दोष अधिक गंभीर आहे.

खात्रीची पद्धत म्हणजे अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीतील त्याचा क्रमांक, देणे. अँपरसँड, हॅश, क्रमांक आणि शेवटी अर्धविराम, अशी त्याची रचना असते. थीटासाठी &#952; आणि पायसाठी &#960; लिहावे. या मजकुरात इतर आकडे देवनागरीत असले, तरी संकेतातील अंक मात्र येथे छापल्याप्रमाणे आंतरराष्ट्रीयच हवेत. देवनागरी अंक घातल्यास ब्राउझर तो संकेत मानत नाही आणि सारा मजकूर जसाच्या तसा पानावर उमटतो.

क्रमांक पाठ करण्याची गरज नाही. मोठा अल्फा ९१३ वर आणि मोठा ओमेगा ९३७ वर आहे, तर लहान अक्षरे ९४५ ते ९६९ या क्रमांकांवर आहेत. म्हणून मोठ्या अक्षराच्या क्रमांकात ३२ मिळवले की लहान अक्षर मिळते. आता ग्रीक अक्षरे २४ आणि या जागा मात्र २५ कशा, हे पाहण्यासारखे आहे. लहान सिग्माची रूपे दोन आहेत : शब्दाच्या शेवटी येणारे ९६२ वर आणि एरवीचे ९६३ वर. शब्दान्ती येणाऱ्या रूपाला मोठे अक्षर वेगळे नसल्यामुळे ९३० ही जागा रिकामी ठेवली आहे, आणि त्यामुळेच ३२ चा हिशेब शेवटपर्यंत बिघडत नाही.

अर्धविराम कधीही गाळू नये. अल्फानंतर लगेच २ हा अंक लिहायचा असताना तो राहून गेला, तर ब्राउझर &#9452 असा एकच क्रमांक वाचतो आणि पानावर काळ्या वर्तुळातला बारा उमटतो. वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या १९९७ साली आलेल्या ४.० आवृत्तीपासून क्रमांकाऐवजी अक्षराचे इंग्रजी नाव देण्याचीही सोय आहे. मात्र मोठ्या डेल्टासाठी नावाचे पहिले अक्षर कॅपिटल आणि लहान डेल्टासाठी लहान लिहावे लागते.

प्रश्न : बेरजेच्या चिन्हासाठी मोठा सिग्मा वापरला तर चालेल का?

उत्तर : नाही. मोठा सिग्मा &#931; हे अक्षर आहे, तर बेरजेचे चिन्ह &#8721; हे स्वतंत्र गणिती चिन्ह आहे. ओहमच्या बाबतीत मात्र उलट आहे : त्याच्यासाठी ८४८६ हा वेगळा क्रमांक असला, तरी युनिकोडची शिफारस साधा मोठा ओमेगा, म्हणजे &#937; वापरण्याचीच आहे.

पहिल्या वाचकांसाठी आणखी एक सूचना : जुनी पाने दुरुस्त करताना सगळे क्यू एकदम बदलू नयेत, कारण इंग्रजी शब्दांतले आणि टॅगमधले, म्हणजे कोनी कंसांत लिहिलेल्या आज्ञांमधले, क्यूही त्यात बदलले जातील. सिंबल फॉन्टचा टॅग शोधावा, त्याच्या आतले अक्षर तेवढे बदलावे आणि मग तो टॅगही काढून टाकावा.