पैसे घेऊन पाहुणचार करताना

चि. मित्रास अनेक आशीर्वाद.

मालवणातल्या घरच्याच दोन खोल्या पर्यटकांना द्यायचं ठरवलंस, फार चांगलं केलंस. दुकानातल्या गिऱ्हाइकाला माल दिला, पैसे घेतले की व्यवहार मिटतो. तुझ्या घरात झोपणाऱ्याचं तसं नाही. रात्री दोन वाजता त्याच्या मुलाला ताप भरला, तर डॉक्टरला फोन तुलाच करायचा आहे.

पण म्हणून पैशाचं बोलणं टाळू नकोस. नवी माणसं नेमकी इथेच चुकतात. ‘द्या तुम्हाला वाटेल ते’ म्हणतात आणि निघताना दोन्हीकडची तोंडं वाकडी होतात. खोलीचं भाडं, न्याहारी त्यात धरली आहे का, जादा गादीचे किती, यायचं रद्द केलं तर आगाऊ रकमेचं काय, हे फोनवर सांग आणि लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठव. सुरमई-पापलेटचा भाव रोज बदलतो, तेव्हा त्या थाळीचा दर मासळी आणल्यावर, पण कापण्याआधी कळव. तळलेल्या तुकड्या किती मिळतील तेही तेव्हाच सांग. एवढं झालं की निघेपर्यंत पैशाचा विषय नको. भात आणि आमटी कधीही मोजून वाढू नये. भातासाठी हाक मारायला लावू नये, भांडं घेऊन आपणच पंगतीत फिरावं.

खोली ठरतानाच विचार: शाकाहारी किती? कोळंबी, तिसऱ्या (शिंपल्या), कुर्ल्या (खेकडे) कुणाला बाधतात का? हे वरवर विचारू नकोस. काहींच्या अंगावर गांधी उठतात, काहींचा घसा सुजून श्वास अडकतो. अशा माणसाचं जेवण वेगळ्या तेलात, वेगळ्या तव्यावर, वेगळ्या डावाने करायचं. गुडघेदुखीवाल्यांना खालची, कमोड असलेली खोली. रेल्वेने येणार असतील तर कुडाळहून रिक्षा आधीच सांगून ठेव आणि भाडंही कळव. रात्री परक्या स्टेशनवर घासाघीस करायला लागली की माणूस चिडूनच दारात येतो.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते. जुलैत कुणी ताजं पापलेट मागितलं तर बर्फातलं जुनं ‘ताजं’ म्हणून ताटात घालू नकोस. खोली रिकामी राहिली तरी चालेल. खाडीची मासळी मिळाली तर देऊ, नाहीतर सुक्या बांगड्याची किसमूर, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या असतील, असं आधीच सांग. बहुतेकजण आनंदाने येतात.

सोलकढी सकाळी करून ठेवायची नाही. दमट हवेत नारळाचा रस पटकन आंबतो. आठ-दहा आमसुलं अर्धा तास कोमट पाण्यात भिजव. एका मध्यम नारळाचा रस, दोन लसूणपाकळ्या, एक हिरवी मिरची आणि मीठ घालून चार-पाच पेले होतात. थंडगार लागते म्हणून कुणी गरम करायला सांगेल, पण ती गरम केली की फुटते.

आणि ओळखपत्र. ते प्रत्येकाचं घ्यायचंच, संकोच नको. फक्त दारात अडवून मागू नकोस. सामान खोलीत गेलं, पाणी-चहा झाला की वही पुढे कर. परदेशी नागरिक असेल तर त्याची ऑनलाईन नोंद 24 तासांच्या आत करावी लागते. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा, दोन्हींचे फोटो त्याच वेळी काढून ठेव.