शून्यावर अडकलेली बॅटरी: नवी घेण्याआधी काय तपासाल?

प्रश्न : चार वर्षांचा लॅपटॉप सहा-सात महिने कपाटात पडून होता. आता अ‍ॅडॉप्टर लावला की सुरू होतो, पण बॅटरी ० टक्क्यांवरच राहते आणि ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असे दिसते. एम. जी. रोडवर विचारले तर नवी बॅटरी टाका म्हणाले. ओळखीतले एक जण म्हणतात, पॅक उघडून सेलला बाहेरून करंट दिला की झाले. काय करू?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : पॅक मुळीच उघडू नका. लिथियम सेल भरलेला असताना साधारण ४.२ व्होल्ट किंवा थोडा जास्त असतो. पडून पडून तो २ व्होल्टच्या खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचे तांबे विरघळू लागते. असा सेल जबरदस्तीने चार्ज केला की तेच तांबे भलत्या जागी साठते, आतल्या आत शॉर्ट होतो आणि पॅक पेट घेऊ शकतो. पॅकमधले सर्किट चार्जिंग अडवते ते यासाठीच.

पण म्हणून लगेच नवी बॅटरीही घेऊ नका. आधी अ‍ॅडॉप्टर बघा. डेल, एचपीच्या अनेक गोल पिनांच्या मध्यभागी एक बारीक काडी असते. अ‍ॅडॉप्टर किती वॅटचा आहे हे लॅपटॉपला तिच्यातून कळते. ती वाकली किंवा तिची तार तुटली तर मल्टिमीटरवर १९.५ व्होल्ट व्यवस्थित दिसतात, लॅपटॉपही चालतो, फक्त बॅटरी चार्ज होत नाही. त्याच मॉडेलचा, तितक्याच वॅटचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून पाहिला की संशय फिटतो. टाइप-सी असेल तर मोबाइलच्या चार्जरवर परीक्षा करू नका; ६५ वॅटच्या लॅपटॉपला २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर लागतात.

अ‍ॅडॉप्टर ठीक निघाला तर लॅपटॉप बंद करा, अ‍ॅडॉप्टर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढा आणि पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरा. मग सगळे परत जोडून लॅपटॉप बंदच ठेवून, गादीवर नव्हे तर टेबलावर, दोन-तीन तास चार्जिंगला लावा. खोल उतरलेल्या सेलला सुरुवातीला अगदी थोडाच करंट मिळतो, त्यामुळे आकडा बराच वेळ शून्यावर राहू शकतो. तेवढा वेळ घरातच थांबा. हे सकाळी करा: सेल साधारण ४५ अंशांवर गेला की चार्जिंग थांबते, आणि एप्रिलच्या दुपारी नाशिकमध्ये खोलीच तापलेली असते.

आकडा हललाच नाही, तर पॅक गेला असे समजा. कनेक्टरवर मीटर शून्य दाखवतो एवढ्यावरून मात्र तसा निष्कर्ष काढू नका. पुष्कळ पॅक लॅपटॉपला जोडल्याशिवाय व्होल्टेज बाहेर सोडतच नाहीत. नवा घेताना पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुन्याच्या लेबलशी ताडून पाहा. टचपॅड वर आला असेल किंवा तळ फुगला असेल, तर यातले काहीच न करता चार्जिंग आजच बंद करा. जुना पॅक घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

प्रश्न : माझी बॅटरी ८० टक्क्यांवर थांबते. खराब झाली का?
— एक वाचक, ओझर

उत्तर : बहुधा नाही. लेनोव्हो, आसुस वगैरेंच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरी टिकावी म्हणून ६० किंवा ८० टक्क्यांची मर्यादा घालता येते. ती काढून बघा. सतत अ‍ॅडॉप्टरवरच काम असेल, तर राहू द्या.