प्रायव्हेट पायलट लायसन्सला खरा खर्च किती? माझे ४० चे ५४ तास कसे झाले

तुमचा प्रश्न : वय ३४, पुण्यात आयटीत नोकरी, निव्वळ हौस म्हणून प्रायव्हेट पायलट लायसन्स (पीपीएल) काढायचंय. एकूण किती पैसे लागतील, किती महिने जातील आणि त्यासाठी कर्ज काढावं का?

मी नाशिकचा, धंदा बांधकामाचा. आमच्या सात पिढ्यांत कुणी विमान चालवलेलं नाही. मी २०२२-२३ मध्ये, चाळिशीच्या तोंडावर पीपीएल काढलं. सगळी बिलं एका फाइलमध्ये लावून ठेवली आहेत, त्यामुळे आकडा पक्का सांगतो : ९ लाख २१ हजार.

त्यातले ७ लाख २९ हजार उड्डाणाचे. तासाला १३,५०० रुपये, जीएसटी धरून, असे ५४ तास. नोंदणी आणि ग्राउंड क्लासेसचे ४२ हजार. मेडिकल, डीजीसीए (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) चे पेपर, रेडिओचं लायसन्स आणि फॉर्म मिळून २३ हजार. हेडसेट, पुस्तकं आणि नकाशे यांचे ३१ हजार. आणि खोलीभाडं, येणंजाणं, जेवणखाण यांचे ९६ हजार. हा शेवटचा आकडा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. शिकायच्या धावपट्ट्या बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी. तुम्ही राहणार हिंजवडीला, विमान उडणार सकाळी साडेसहाला, म्हणजे आदल्या रात्रीच मुक्कामाला जावं लागणार. हल्ली मी चौकशी करतो तेव्हा तासाचे १४ ते १८ हजार सांगतात.

तासाला एवढे का, असं मीही पहिल्या दिवशी विचारलं होतं. दोन सीटचं सेस्ना १५२ तासाला साधारण २३ लिटर ॲव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) पितं, चार सीटचं १७२ तर ३० च्या वर. हे इंधन पेट्रोलपेक्षा बरंच महाग. २०२२ पर्यंत ते परदेशातूनच यायचं, मग इंडियन ऑइलने बडोद्याच्या रिफायनरीत बनवायला घेतलं. शिवाय इंजिनाचं आयुष्य तासांत मोजतात. सेस्ना १७२ चं लायकॉमिंग इंजिन साधारण २,००० तासांनी उतरवून पूर्ण खोलावं लागतं, त्यामुळे तुमच्या प्रत्येक तासात त्या कामाची वर्गणी असते. वर इन्स्ट्रक्टर, इंजिनीअर, विमा आणि हँगर. शिवाय तास मोजतात चॉक (चाकांपुढचे अडसर) काढल्यापासून चॉक लावेपर्यंत. धावपट्टीच्या टोकाला तुमच्या पुढचं विमान खोळंबलं असेल, तर त्या वेळेचेही पैसे तुमचेच.

आता मुख्य गोष्ट. नियमाने पीपीएलला किमान ४० तास लागतात. त्यात २० तास सोलो, म्हणजे एकट्याने, आणि सोलोत ५ तास क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंतचा प्रवास. त्यातलं एक उड्डाण १५० नॉटिकल मैलांचं, म्हणजे साधारण २७८ किलोमीटरचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. माहितीपत्रकातला खर्च या ४० तासांना दर लावून काढलेला असतो. माझ्या दराने ते ५ लाख ४० हजार होतात. मग माझे १४ तास वर कुठे गेले?

लॉगबुक काढून बसलो आणि मोजलं. पाच तास माझ्या हाताच्या जडपणाचे. लँडिंगला मी फ्लेअर (टेकण्याआधी नाक वर उचलणं) उशिरा करायचो आणि विमान आपटायचो. पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा हात चटकन वळत नाही, विशीतल्या पोरांचं बघून जीव जळायचा. पण उरलेले नऊ तास मी काही नवीन शिकलो नाही. विसरलेलं परत शिकलो. नऊ तास म्हणजे १ लाख २१ हजार ५०० रुपये.

झालं असं, की मी पहिल्यांदा जिथे नाव घातलं (नाव सांगत नाही) तिथे ‘एकदम भरले तर सवलत’ म्हणून २५ तासांचे पैसे आगाऊ भरले. विमानं दोन होती. महिन्याभरात एक सुट्या भागासाठी उभं राहिलं, दुसऱ्यावर कमर्शियलवाली (नोकरीसाठी लायसन्स काढणारी) मुलं रांगेत. त्यांच्यामागे मोठी फी आणि नोकरीची घाई, तर आपण शनिवार-रविवारवाले हौशी. आपला नंबर शेवटी, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असंही मला वाटत नाही. तोवर जून लागला. पावसाळ्यात ढग खाली, दृश्यमानता नाही. आठ वेळा गेलो, दोनदा उडालो. सप्टेंबरअखेर परत बसलो तेव्हा माझे सोलो झालेले असूनही इन्स्ट्रक्टरने पुन्हा ड्युअल (त्यांना शेजारी बसवून) घ्यायला लावलं : सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी), स्टॉल (पंखांची उचल सुटली की सावरणं), सर्किट, टच-अँड-गो (टेकवून लगेच परत उडणं). बरोबरच होतं त्यांचं. शेवटी मी जागा बदलली. उरलेल्या पैशांचा परतावा सात महिन्यांनी मिळाला. नव्या ठिकाणी दर तासाला हजाराने जास्त होता (वरचे १३,५०० म्हणजे दोन्हींची सरासरी), पण आठवड्याला तीन सॉर्टी (उड्डाणं) मिळायच्या, आणि उरलेलं सगळं दोन महिन्यांत उरकलं.

म्हणून दर विचारण्याआधी हे विचारा : आज उडण्याजोगी विमानं किती, विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती. उत्तरावर विश्वास ठेवू नका. नोव्हेंबरातल्या एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी जाऊन कुंपणाशी उभे राहा आणि दुपारपर्यंत किती टेकऑफ होतात ते मोजा. पैसे पाच-पाच तासांचेच भरा, सवलत गेली तर जाऊ दे. जीएसटीचंही लेखी घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलने डीजीसीएमान्य प्रशिक्षणाच्या कोर्सला सूट असल्याचा खुलासा केला आहे, पण तुमच्या बिलात तो कोर्स कसा दाखवतात यावर बरंच अवलंबून असतं.

महिन्यांचं म्हणाल तर नोकरी सांभाळून शनिवार-रविवार केलंत तर वर्ष-दीड वर्ष. त्यापेक्षा ऑफिसच्या वेळेनंतर घरी अभ्यास करून पेपर उरकून टाका, मेडिकल आणि रेडिओचं काम करून घ्या, आणि दिवाळीनंतर सलग सहा-आठ आठवड्यांची रजा काढून विमानतळाजवळच राहा. बिनपगारी रजा घेतली तरी माझ्या मते स्वस्त पडेल. मेडिकल मात्र एक रुपयाही भरण्याआधी. माझ्या बॅचमध्ये एकाचं ईसीजीवर अडलं, तोवर त्याने ग्राउंड क्लासेसचे पैसे भरून टाकले होते.

अमेरिकेचं बरेच जण सुचवतील. तिथेही नियमाने ४० तास, प्रत्यक्षात लोकांचे ६०-७० होतात. विमानं भरपूर, हे खरं. पण व्हिसा, राहणं आणि परत आल्यावर इथलं लायसन्स मिळवण्याची कागदपत्रं धरली तर हौसेसाठी मला ते पटत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. पीपीएलवर एक पैसाही कमावता येत नाही. पुढे नोकरीचा विचार असेल तर तो रस्ता कमर्शियलचा, २०० तासांचा, आणि त्याचा आकडा निम्म्या कोटीकडे जातो. मग पीपीएलसाठी वेगळा थांबा घ्यायचं कारण नाही. दुसरं म्हणजे लायसन्स मिळाल्यावर मीटर थांबत नाही. हात राहावा म्हणून मी वर्षाला दहा-बारा तास उडतो, म्हणजे दीड-दोन लाख. बायकोला एकदा घेऊन गेलो. खाली आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, ‘आत्ताच्या फेरीचे किती झाले?’

कर्जाचं : नको. मी एक एफडी मोडली आणि एक प्लॉट घ्यायचा लांबवला. कर्ज काढलं असतं तर जून ते सप्टेंबर विमान हँगरमध्ये, मी नाशकात, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला गेलाच असता.