भोरड्यांच्या थव्याचा लीडर कोण, आणि कुणी न बोलावता गर्दी का जमते?

लीडर कोण नाही. निपाणीकडं आमचा दीड एकर शाळू असतोय, कणसं हुरड्यात आली की भोरड्या उतरतात, त्यामुळं हा प्रश्न मला शाळेपासनं पडलेला, एमेस्सीला फिजिक्स घेतल्यावर कुठं थोडा सुटला. माळ्यावरनं गोफण मारली की कडेच्या चार-दोन वळतात आणि ते वळण अख्ख्या थव्यातनं ओलं लुगडं झटकल्यागत पळत जातंय.

१९९५ ला हंगेरीच्या तमाश विचेक आणि मंडळींनी कॉम्प्युटरवर नुसते ठिपके सोडले. सगळ्यांचा स्पीड एकच, नियम पण एकच, जवळच्या शेजाऱ्यांच्या दिशांची सरासरी धरायची आणि त्यात थोडी चूक करायची. चूक जास्त ठेवली की नुसता गोंधळ, कमी केली की सगळे एका दिशेनं. आता यात एवढं काय, तर जागच्या जागी बसलेल्या बाणांना (म्हणजे न हलता नुसती दिशा बदलणाऱ्या ठिपक्यांना) सपाटीवर फक्त शेजाऱ्याचं बघून असं लांबपर्यंत एकमत करता येत नाही, जरा जरी उष्णता (म्हणजे इथं तीच चूक) असली तरी मोडतंय, हे मर्मिन आणि वॅग्नर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६६ लाच दाखवलेलं. ठिपके चालतात म्हणून शेजारी बदलत राहतात आणि बातमी लांब पोचते, सगळी गंमत तिथं आहे बघा. (खऱ्या पक्ष्यांचं थोडं वेगळं, रोममधल्या थव्यांचे फोटो मोजले तर प्रत्येकजण जवळच्या ६-७ जणांकडं बघतो असं निघालं, मग ते कितीही लांब असू देत.)

गर्दीचं म्हणाल तर दिवाळीच्या आधी बेळगावात खडेबाजारात जाऊन या. दाटीत माणूस हळू होतो, मागनं येणारे येतच राहतात, म्हणून दाटी अजून वाढते, कुणाला कुणाची ओढ नसताना. तायर आणि केट्स या भौतिकशास्त्रज्ञांनी २००८ ला गणितानं हेच दाखवलं, की स्वतः पळणारे कण दाटीत पुरेसे मंदावले तर आपोआप दाट आणि विरळ असे दोन भाग पडतात, पाणी आणि वाफेगत.

आणि एक. साध्या वायूत जिथं सरासरी १०,००० कण असतात तिथं तो आकडा साधारण १०० नं कमीजास्त होतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे (आयआयएससी) श्रीराम रामस्वामी आणि सहकाऱ्यांनी तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे थाळीत हलवून २००७ ला मोजलं तर हा फरक सरासरीच्याच प्रमाणात वाढत गेला. म्हणजे आमच्या शेतात एक भोरडी नाही आणि बांधापलीकडं काळं झालंय असं होऊ शकतं, पण पलीकडचे काका अजून म्हणतात आम्हीच हाकलून त्यांच्याकडं घालतोय.